अभ्यासाचं टेन्शन १६ वाक्यांत: ‘एस्सा’ मोजपट्टी सीमाभागातल्या मराठी हायस्कुलांत कितपत चालते?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या एखाद्या हायस्कुलानं मुलांवरचं अभ्यासाचं ओझं मोजायचं ठरवलं, तर हाताशी बरंच काही असतं. मोबाईलवरच्या फुकट चाचण्या असतात, घड्याळातला ‘स्ट्रेस’चा आकडा असतो, कुणाच्या बी.एड. प्रकल्पातून उरलेली प्रश्नावली असते. या गर्दीत नीट तपासून बनवलेली आणि एका पानावर छापून घेता येईल इतकी सुटसुटीत पट्टी म्हणजे ‘एज्युकेशनल स्ट्रेस स्केल फॉर अडोलसेंट्स’, थोडक्यात ‘एस्सा’. इथल्या दहावीच्या वर्गासाठी ती घ्यावी का, घेतली तर कशी वापरावी आणि कुठे तिच्यावर विसंबू नये, यासाठी हा आढावा.

आमचं मत आधीच सांगतो. वर्गाचा अंदाज घ्यायला पट्टी चांगली आहे. एकट्या मुलाबद्दल निकाल द्यायला ती अपुरी आहे. आणि इंग्रजीवरून घाईघाईनं मराठीत उतरवली, तर ती काहीच धड मोजत नाही.

पट्टी २०११ साली प्रसिद्ध झाली. जियानडोंग सुन, मायकेल डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चीनच्या शानडोंग प्रांतातल्या शाळकरी मुलांवर तयार केली. आधी ३० वाक्यं होती, चाळून १६ ठेवली. पुढे व्हिएतनाममधल्या मुलांवरही तिची पडताळणी झाली. एका परीक्षेवर सगळं भवितव्य टांगलेलं, घरच्यांच्या नजरा मार्कांवर, वर्गात रँकची चढाओढ: तिथलं हे वातावरण आपल्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावी बोर्डाच्या, वर्षाशी बरंच जुळतं. अमेरिकेतल्या कॉलेजवयीन मुलांसाठी बनवलेल्या पट्ट्यांपेक्षा ही आपल्याला जवळची वाटते ती त्यामुळेच.

प्रत्येक वाक्यापुढे १ ते ५ असे पाच रकाने. १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे अगदी पटतं. एकूण गुण कमीत कमी १६, जास्तीत जास्त ८०. जास्त गुण म्हणजे जास्त ताण. वाक्यांचे पाच गट आहेत. अभ्यासाच्या दडपणाची ४ वाक्यं: रोजचा अभ्यास, वर्गातली चढाओढ, पुढच्या शिक्षणाची आणि नोकरीची चिंता, आईवडिलांचं मार्कांवरचं लक्ष. कामाच्या भाराची ३: शाळेतलं काम, होमवर्क, परीक्षांची संख्या. मार्कांच्या काळजीची ३: मार्कांवर आयुष्य ठरतं ही भावना आणि मार्क कमी पडले तर आईवडील किंवा शिक्षक नाराज होतील ही धास्ती. स्वतःकडून असलेल्या अपेक्षांची ३ आणि खचलेपणाची ३. मूळ अभ्यासात संपूर्ण पट्टीची अंतर्गत सुसंगती, म्हणजे सगळी वाक्यं मिळून एकच गोष्ट किती मोजतात याचा १ पर्यंत जाणारा आकडा, साधारण ०.८१ आली होती. १६ वाक्यांच्या मानानं हे चांगलं आहे. तीन-तीन वाक्यांच्या छोट्या गटांकडून एवढी अपेक्षा धरू नये.

भाषांतर हाच खरा खर्च

कागद झेरॉक्स करायला शंभर-दोनशे रुपये लागतील. मराठी मजकूर तयार करायला मात्र दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, आणि शाळा नेमकं तेच टाळतात.

पहिला अडसर ‘ताण’ या शब्दाचाच. आपण तो लेखात सहज वापरतो, पण नववी-दहावीच्या मुलाला तो पुस्तकी वाटतो. दोरीला ताण असतो, आपल्याला ‘टेन्शन’ असतं. मूळ इंग्रजीत ‘स्ट्रेस’ आणि ‘प्रेशर’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यासाठी ‘टेन्शन’ आणि दुसऱ्यासाठी ‘दडपण’ घ्यावं. ‘दबाव’ नको. दबाव कुणीतरी दुसरा आणतो, दडपण आपल्या छातीवर बसतं. एकदा शब्द ठरला की तो १६ वाक्यांत तसाच ठेवावा. भाषा सुंदर व्हावी म्हणून कधी ताण, कधी दडपण, कधी ओझं असं फिरवलं, तर मुलं वेगवेगळ्या गोष्टींना उत्तरं देतात.

दुसरा अडसर लिंगाचा. इंग्रजीतला ‘आय’ मुलालाही चालतो, मुलीलाही. मराठीत ‘मी काळजी करतो’ आणि ‘मी काळजी करते’ असे दोन कागद होतात, किंवा ‘करतो/करते’ अशी तिरकी रेघ येते आणि वाचणारा तिथे अडखळतो. इथे तर आणखी एक गंमत आहे. बेळगाव-खानापूरकडच्या अनेक घरांत मुली बोलताना ‘मी जातो’, ‘मी करतो’ असंच म्हणतात. छापील ‘करते’ त्यांना शाळेतली भाषा वाटते. यावर सरळ उपाय म्हणजे सगळी वाक्यं ‘मला वाटतं’, ‘माझ्या मनावर’, ‘माझी झोप’ अशा रचनेत बांधायची. १६ पैकी एकाही वाक्यात लिंग दिसायची गरज पडत नाही.

तिसरा अडसर नकाराचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. खचलेपणाच्या गटात आत्मविश्वास नसल्याचं एक वाक्य आहे. ते ‘मला माझ्या मार्कांची कधीच खात्री वाटत नाही’ असं उतरवलं, तर खात्री असलेल्या मुलानं ‘पटत नाही’वर खूण करायला हवी. म्हणजे नाहीला नाही. आठवीतली बरीच मुलं इथे उलटी खूण करतात आणि पुढच्या वाक्याला जातात, त्यांना कळतही नाही. त्याऐवजी ‘मार्कांचा विषय निघाला की माझा धीर सुटतो’ असं होकारी वाक्य द्यावं. समाधान नसल्याच्या वाक्याचंही तेच. ‘मी समाधानी नाही’पेक्षा ‘माझे मार्क पाहून मला फार वाईट वाटतं’ हे वर्गात जास्त नीट कळतं.

बाकी शब्दांची निवड वेगानं सांगतो. ‘गुण’ नको, ‘मार्क’ घ्या, कारण गुण चांगले-वाईटही असतात. ‘घरचा अभ्यास’ म्हटलं की मूल स्वतःहून केलेला अभ्यास धरतं, म्हणून ‘होमवर्क’. ‘आदर्श निकाल न लागल्यास’ याऐवजी ‘मनासारखे मार्क पडले नाहीत की’. ‘आईवडिलांची निराशा केली’ हे वाक्य मराठी घरात कुणी बोलत नाही. ‘आईवडिलांचा हिरमोड झाला असं वाटतं’ हे बोलतात. ‘स्वतःच्या मानकांपर्यंत पोचलो नाही’ याचं ‘मी ठरवलेलं मला जमलं नाही’ एवढंच पुरतं.

‘आईवडील’ हा शब्द मात्र बदलून ‘घरचे’ करू नये, नाहीतर दुसरीकडच्या गुणांशी तुलना तुटते. वडील गोव्याला किंवा पुण्याला कामाला आणि मूल आजी-काकांकडे, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्यासाठी कागदाच्या वरच एक सूचना छापावी: ‘आईवडील म्हणजे तू ज्यांच्याकडे राहतोस किंवा राहतेस ती मोठी माणसं.’

एक दोष मूळ पट्टीतच आहे आणि भाषांतरानं तो जात नाही. मार्कांच्या काळजीतलं एक वाक्य एकाच दमात दोन गोष्टी विचारतं: मार्क भविष्यासाठी फार महत्त्वाचे आहेत आणि त्यावर सगळं आयुष्य ठरू शकतं. पहिली अर्धी पटते, दुसरी पटत नाही, अशा मुलानं काय करायचं? शिवाय मार्क महत्त्वाचे मानणं म्हणजे काळजी करणं नव्हे. या वाक्याला आपल्या वर्गात जवळजवळ सगळे ४ किंवा ५ देणार हे गृहीत धरा आणि त्यावरून फार निष्कर्ष काढू नका.

कामाचा क्रम असा ठेवा. मूळ लेखकांकडून वापराची आणि भाषांतराची परवानगी पत्रानं घ्या. दोन जणांनी एकमेकांना न दाखवता भाषांतर करावं, त्यातला एक तरी हायस्कुलात मराठी शिकवणारा असावा. दोन्ही मजकूर समोर ठेवून एक करावा. तिसऱ्या, मूळ न पाहिलेल्या माणसानं तो परत इंग्रजीत आणावा. जिथे अर्थ सरकलेला दिसेल तिथे दुरुस्ती करावी. मग आठ-दहा मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न: ‘हे तुझ्या शब्दांत सांग.’ यात शहरातली मुलं, खानापूरच्या खेड्यांतली मुलं आणि वाचनात मागे असलेली दोन-तीन मुलं असलीच पाहिजेत. तीन मुलं एकाच वाक्यावर अडकली तर दोष वाक्याचा आहे.

कागद आणि तास

१६ वाक्यं एका पानावर मावतात. १४ पॉइंटचा टाइप, एकाआड एक ओळीला फिकी छटा, म्हणजे खूण पुढच्या ओळीत घसरत नाही. पाच रकान्यांवर आकडे आणि शब्द दोन्ही छापा: अजिबात पटत नाही, फारसं पटत नाही, सांगता येत नाही, पटतं, अगदी पटतं. ‘सहमत-असहमत’ नको, ते सभेतल्या ठरावासारखं वाटतं. वर शीर्षक ‘अभ्यासाबद्दल काही वाक्यं’ एवढंच असावं. ‘ताणतणाव चाचणी’ असं ठळक छापलं की मूल आधी घाबरतं, मग शेजाऱ्याच्या कागदात डोकावतं.

नाव नको, हजेरी क्रमांकही नको. हजेरी क्रमांक म्हणजे नावच. नंतर एखाद्या मुलापर्यंत पोचायची सोय हवी असेल तर वेगळा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची यादी एकाच जबाबदार माणसाकडे बंद पाकिटात ठेवावी. मुलांना हे आधी सांगावं. गुप्त म्हणून लिहून घेतलं आणि नंतर ओळखलं, तर त्या वर्गात पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही.

वर्गशिक्षकांनी कागद वाटू नयेत. जे शिक्षक होमवर्क देतात त्यांच्याच समोर ‘होमवर्क फार आहे’ यावर ५ कोण देणार? दुसऱ्या वर्गाचे शिक्षक किंवा बाहेरचा माणूस चालेल. बाकावर परीक्षेसारखं अंतर ठेवा, कागद मुलांनीच घडी करून खोक्यात टाकावा. भरायला दहा मिनिटं पुरतात, पण सूचना, शंका आणि हळू वाचणारी मुलं धरून पूर्ण तास राखून ठेवा. पहिलं उदाहरण फळ्यावर अभ्यासाशी संबंध नसलेल्या वाक्याचं सोडवून दाखवा, जसं ‘मला पाऊस आवडतो’.

पालकांना मराठीत पत्र आणि त्यांची संमती, मुलाची स्वतःची होकाराची सही, आणि कुठलंही वाक्य कोरं सोडायची मुभा: या तीन गोष्टी सोडू नका. हे संशोधन म्हणून करायचं असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांनुसार १२ ते १८ वयात मुलाचा लेखी होकार लागतो. बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, कार्यालयाकडे जाणारा अर्ज कन्नडमध्ये तयार ठेवला तर काम लवकर सरकतं.

कधी घ्यावी? पट्टीतल्या वाक्यांना काळाची मर्यादाच नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ किंवा ‘गेल्या महिन्यात’ असं ती कुठेच म्हणत नाही. म्हणून मूल त्या दिवशीच्या मनःस्थितीवरून उत्तर देतं. एफएचे (वर्षभरातल्या छोट्या चाचण्यांचे) मार्क सकाळी वाटले आणि दुपारी कागद दिला, तर तुम्ही ती सकाळ मोजली. जून शाळा बसण्यात जातो. जुलैत जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसानं सुट्ट्या पडतात, हजेरी विस्कळीत असते. ऑगस्टमध्ये गणपतीचा आठवडा टाळून एकदा आणि जानेवारीत प्रिपरेटरीच्या (बोर्डाआधीच्या सराव परीक्षेच्या) आधी एकदा, या दोन वेळा बऱ्या. पुढच्या वर्षीची तुलना त्याच महिन्याशी करा. ऑगस्टच्या गुणांपुढे फेब्रुवारीचे गुण मांडून ‘ताण वाढला’ म्हणणं म्हणजे कॅलेंडर मोजणं.

गुण काढताना

आधी कागद चाळा. उलटं मोजायचं वाक्य, म्हणजे ज्यात ‘पटतं’ म्हटलं की ताण कमी निघतो असं वाक्य, या पट्टीत नाही, त्यामुळे न वाचता एकाच रकान्यात सरळ खाली खुणा करत गेलेलं मूल आपोआप पकडलं जात नाही. सगळे ३ असतील तर बेरीज ४८ येते, आणि ४८ हा आकडा अगदी साधा, मधला दिसतो. म्हणून एकूण १६, ३२, ४८, ६४ किंवा ८० आले की तो कागद पुन्हा उघडून पाहा. एका सरळ रेषेतले कागद वेगळे ठेवा आणि किती निघाले ते अहवालात लिहा. वर्गात असे कागद दहातले दोन असतील तर तास चुकीच्या वेळी घेतला गेला.

कोऱ्या जागांसाठी आम्ही सुचवू तो नियम: गटातलं एकच वाक्य कोरं असेल तर त्या मुलाच्या त्याच गटातल्या उरलेल्या वाक्यांची सरासरी भरा. दोन कोरी असतील तर तो गट त्या मुलापुरता सोडा आणि एकूण बेरीजही काढू नका. कोऱ्या जागी शून्य भरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एक्सेल ती मुकाट्यानं करतं, आणि वाक्य टाळणारं मूल निवांत दिसू लागतं.

दुसरी नेहमीची चूक गटांच्या तुलनेत होते. दडपणाच्या गटात ४ वाक्यं, म्हणजे गुण ४ ते २०. बाकीच्यांत ३, म्हणजे ३ ते १५. बेरजा शेजारी-शेजारी मांडल्या की दडपणाचा खांब नेहमीच उंच दिसणार. दडपणाच्या बेरजेला ४ नं आणि बाकीच्यांना ३ नं भागा, मग सगळे १ ते ५ च्या मापात येतात.

आता एकट्या मुलाचा प्रश्न. समजा वर्गाचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, १० आहे आणि सुसंगती ०.८१ धरली. मग एका मुलाच्या गुणांत मोजमापाची चूक साधारण ४.४ येते, आणि ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर दोन्ही बाजूंना ८ ते ९ गुणांची सैल जागा सोडावी लागते. ५५ गुण मिळालेलं मूल खऱ्या अर्थानं ४७ लाही असू शकतं, ६३ लाही. ऑगस्टमधले आणि जानेवारीतले गुण पाहून ‘याचं टेन्शन वाढलं’ म्हणायचं असेल तर फरक १२ च्या वर हवा. वर्गाचं गणित वेगळं असतं. ४० मुलांच्या सरासरीत ही सैल जागा ३ गुणांवर येते. पण ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीत ३ गुणांचा फरक दिसला म्हणून ‘ब’च्या शिक्षकांना बोलावू नका, दोन तुकड्यांत साडेचारच्या आतला फरक निव्वळ योगायोगानंही पडतो.

आणि ठरलेली धोक्याची रेषा या पट्टीला नाही. काही अहवालांत कमी, मध्यम, जास्त असे तीन वर्ग दिसतात. ते त्या-त्या गटातल्या मुलांची वाटणी करून पाडलेले असतात, वैद्यकीय तपासणीशी ताडून ठरवलेले नसतात. दुसऱ्या देशातली रेषा उचलून आपल्या वर्गातल्या ११ मुलांना ‘अति-ताणग्रस्त’ शिक्का मारणारा अहवाल दिसला, तर तो फाईलला लागण्याआधी थांबवा. पालकसभेत अशी यादी वाचून दाखवणं तर क्रूरपणाच आहे.

गटवार आकडे मात्र खरोखर उपयोगी पडतात, आणि या पट्टीची किंमत तिथेच आहे. कामाचा भार ४ च्या वर आणि बाकी गट ३ च्या आसपास असतील तर समुपदेशन हा त्यावरचा उपाय नाही. वर्गात एक वही ठेवा, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांनी रोजचं होमवर्क त्यात लिहावं. एकाच संध्याकाळी चार विषयांचं काम पडलेलं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दिसेल. मार्कांची काळजी वर असेल तर वर्गात मार्क मोठ्यानं वाचणं बंद करा, आणि एसएसएलसीला २०२३-२४ पासून एकाच वर्षात एकापेक्षा जास्त संधी आहेत हे पालकांना पालकसभेत नीट समजावून सांगा. अनेक घरांत अजून ‘एकदा गेली की गेली’ हाच समज आहे. स्वतःच्या अपेक्षांचा गट उंच असलेली मुलं बहुधा वर्गात पुढे असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. झोप उडाल्याचं वाक्य याच गटात आहे. त्याचे गुण वेगळे काढून पाहाच.

कमी गुणांचा अर्थ मूल सुखात आहे असा लावू नका. ज्यानं अभ्यासाशी नातंच तोडलं आहे, त्याला होमवर्कही जड वाटत नाही आणि चढाओढही. अशा मुलाचे एकूण गुण ३० च्या आतही येतात. त्याची गैरहजेरी शेजारी ठेवून कागद वाचा.

सीमाभागात जे या कागदावर येत नाही

आपल्या मुलांच्या अभ्यासाचं सगळ्यात अवघड वळण भाषेचं आहे, आणि १६ वाक्यांत त्याचा उल्लेख नाही. मराठी माध्यमातलं मूल एसएसएलसीला पहिली भाषा मराठी घेतं, त्याच वर्षी कन्नड आणि इंग्रजीचे पेपर देतं, आणि दहावी संपताच पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत. ‘प्रकाशसंश्लेषण’ पाठ झालेल्या मुलाला तीच क्रिया नव्या नावानं पहिल्यापासून शिकावी लागते. त्यात पुढचं कॉलेज बेळगावात की चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरकडे, कागदपत्रं कुठली लागणार, ही चर्चा घरात दहावीच्या वर्षभर चाललेली असते. शानडोंगमधल्या मुलाला हा प्रश्न नव्हता, म्हणून पट्टीत तो नाही. दोष त्यांचा नाही. पण आपण तो तसाच सोडला, तर आपल्याच मुलांचं मोठं ओझं मोजायचं राहील.

१६ वाक्यांत हात घालू नका. वेगळ्या पानावर चार-पाच वाक्यं द्या, त्याच पाच रकान्यांची, आणि त्यांची बेरीज मूळ गुणांत कधीही मिळवू नका. आम्ही सुचवू अशी काही:

दहावीनंतर सगळं इंग्रजीत शिकायचं आहे याची मला धास्ती वाटते.

कन्नडच्या पेपरसाठी मला बाकीच्या विषयांपेक्षा जास्त कष्ट पडतात.

शाळेला जाण्यायेण्यात माझा खूप वेळ जातो.

घरातलं, शेतातलं काम उरकल्यावरच मला पुस्तक उघडता येतं.

दहावीनंतर कुठे शिकायचं हे ठरवताना घरात ओढाताण होते.

पहिल्या दोन वाक्यांची उत्तरं शहरात आणि खानापूरच्या खेड्यांत वेगळी येतील, निपाणीच्या बाजूला आणखी वेगळी. कन्नड शेजारात वाढलेल्या मुलाला दुसरं वाक्य हसू आणेल. म्हणून पाचही वाक्यं एकेकटी वाचा. एसटीच्या वेळेचा प्रश्न पुढे आला तर त्याचं उत्तर वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपोत आहे, मुलाच्या मनात नाही. ग्रामपंचायत आणि शाळा मिळून सकाळच्या गाडीची वेळ बदलून घेऊ शकतात.

बाकीच्या पट्ट्या, थोडक्यात

‘परसीव्हड स्ट्रेस स्केल’ १९८३ पासून जगभर चालते. तिची १० वाक्यांची आवृत्ती गेल्या महिन्याबद्दल विचारते, गुण ० ते ४०. त्यातली चार वाक्यं उलटी मोजावी लागतात आणि तिथे गुण काढणारे हमखास चुकतात. ती आयुष्यातला एकूण ताण मोजते. घरात आजारपण असलेलं मूलही वर येईल. अभ्यासाचं वेगळं काढायचं असेल तर एस्साच बरी. भारतात तयार झालेली, ३० वाक्यांची, हो-नाही उत्तरांची ‘स्केल फॉर असेसिंग अकॅडमिक स्ट्रेस’ २००१ ची आहे. वाचनात मागे असलेल्या मुलांना हो-नाही सोपं पडतं, पण थोडं आणि फार यातला फरक त्यात हरवतो. ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची प्रश्नावली आहे. तिच्या नवव्या प्रश्नात मरणाचे आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येतात. त्याच दिवशी, त्याच इमारतीत मुलाशी बोलणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर ती वर्गात वाटू नका.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल पालक नेहमी विचारतात. ती हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून आकडा काढतात. बस पकडायला धावलेलं मूल आणि गणिताच्या पेपरला घाबरलेलं मूल त्यांना सारखंच दिसू शकतं. लाळेतल्या कॉर्टिसॉलची (ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाची) तपासणी प्रयोगशाळेत ठीक आहे. झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो वर जातो आणि दिवसभर उतरतो, त्यामुळे प्रत्येक मुलाची उठण्याची वेळ माहीत नसेल तर शाळेत गोळा केलेल्या नमुन्याला अर्थ नाही.

कागद गोळा झाल्यानंतरचा पहिला तास

एस्सा आत्महत्येबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल काही विचारत नाही. त्यामुळे ती वर्गात द्यायला सुरक्षित आहे, पण सगळ्यात गंभीर गोष्टीपुरती आंधळी आहे. मुलं ती जागा स्वतःच शोधतात. कागदाच्या मागे, समासात, एखाद्या वाक्यापुढे पेन्सिलीनं दोन शब्द लिहितात. म्हणून गुणांची बेरीज घरी नेऊन करायची असली तरी शाळा सुटायच्या आत प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी पाहायचा. कागद मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला भरून घेतले तर त्यासाठी वेळ उरतो, शेवटच्या तासाला घेतले तर उरत नाही.

जगणं नको झाल्याचं काही लिहिलेलं सापडलं, तर सांकेतिक क्रमांकाचं पाकीट उघडायचं. तशी वेळ आली तर उघडू हे मुलांना सुरुवातीलाच सांगितलेलं असलं पाहिजे. वर्गातून नाव पुकारून बोलावू नका. ज्या शिक्षकांशी किंवा ज्या बाईंशी ते मूल मोकळं बोलतं, त्यांनी काहीतरी काम काढून त्याला बाजूला घ्यावं, एकटं सोडू नये, आणि स्वतःला संपवण्याचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र फुकट चालतो आणि भाषा निवडता येते. मुलासोबत बसूनच फोन लावावा. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. पुढच्या उपचारांसाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय जवळ, आणि धारवाडची ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. आईवडिलांना त्याच दिवशी शाळेत बोलावून सांगायचं, मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन नाही. घरात कीटकनाशकाचे डबे असतील तर ते कुलपात ठेवायला त्यांना त्याच भेटीत सांगा. उसाच्या आणि तंबाखूच्या पट्ट्यात ते डबे पडवीतच असतात.